एक केबल, ४०९४ जाळी

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतलं एखादं ऑफिस घ्या, नाहीतर जालना रोडवरचं हॉटेल. भिंतीच्या कडेकडेनं एकच केबल रॅककडे गेलेली असते. तिच्यातून हिशोबाचा संगणक बोलतो, काउंटरवरचा फोन बोलतो, गेटवरचा कॅमेरा चित्रं पाठवतो आणि वेरूळ बघून आलेला पाहुणा वायफायवरून घरच्यांना फोटो धाडतो. तरी पाहुण्याच्या मोबाइलला हिशोबाचा संगणक सापडत नाही आणि कॅमेऱ्याला फोनचा सुगावा लागत नाही. एका तारेत इतकी जाळी वेगवेगळी नांदवणारी ही युक्ती म्हणजे व्हर्च्युअल लॅन. रॅकपुढे उभं राहून काम करणारी मंडळी तिला नुसतं ‘व्हीलॅन’ म्हणतात. ती फक्त महागड्या स्विचलाच जमते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या संगणकावर लिनक्स किंवा बीएसडी ही युनिक्स घराण्यातली मोफत प्रणाली टाकली, की तोही व्हीलॅन बोलू लागतो. त्यासाठी एक पैसा लागत नाही.

चार बाइटांची चिठ्ठी

लॅनवरून माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते. एकेका तुकड्याला फ्रेम म्हणतात. या फ्रेममध्ये खोचलेले चार बाइट, एवढाच व्हीलॅनचा सगळा पसारा. बीडच्या एसटीत आडूळ, पाचोड, गेवराईची पार्सलं एकत्रच चढतात. पण प्रत्येकावर गावाची चिठ्ठी असते, म्हणून पाचोडला पाचोडचंच पार्सल उतरतं. फ्रेमवरच्या चिठ्ठीला ‘टॅग’ म्हणायचं. गाडी एकच, रस्ता एकच, वेगळेपणा सगळा चिठ्ठीत.

चार बाइट म्हणजे ३२ बिट. त्यांतले पहिले १६ बिट ‘पुढे टॅग आहे’ अशी वर्दी देतात. तिथे हेक्स पद्धतीनं ८१०० लिहिलेलं असतं, आपल्या रोजच्या मोजणीत ३३०२४. पुढचे ३ बिट फ्रेमची निकड सांगतात. त्यानंतरचा एक बिट सांगतो, की गर्दी झालीच तर ही फ्रेम आधी टाकून दिली तरी चालेल. उरलेले १२ बिट म्हणजे व्हीलॅनचा क्रमांक. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता टॅगच्या आधी येतो, त्यामुळे टॅग न समजणाऱ्या साध्या स्विचलाही पत्ता वाचून फ्रेम पुढे ढकलता येते. आयईईई या संस्थेनं टॅगची ही रीत १९९८ साली ८०२.१क्यू या नावानं पक्की केली.

५२ दरवाजे आणि ४०९४

१२ बिटांत ४०९६ आकडे मावतात. त्यांतला ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला ४०९४ उरतात. आपलं शहर बावन्न दरवाज्यांचं. प्रत्येक दरवाज्याला ७८ व्हीलॅन वाटून दिले तरी ३८ शिल्लक राहतील.

यांतला १ नंबर सगळ्यांत वापरातला, कारण बहुतेक स्विच डब्यातून बाहेर काढले की सगळी पोर्ट व्हीलॅन १ मध्येच असतात. जाणकार मात्र महत्त्वाचं काहीही व्हीलॅन १ वर ठेवत नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

१००२ ते १००५ या चार आकड्यांची गोष्ट और आहे. सिस्कोच्या स्विचांवर हे चार क्रमांक टोकन रिंग आणि एफडीडीआय या तंत्रांसाठी राखून ठेवलेले असतात. दोन्ही तंत्रं केव्हाच मागे पडली, त्यांची जागा मात्र अजून कुणाला दिलेली नाही.

सुरुवात टेलिफोनपासून

मला या विषयातली सगळ्यांत आवडती गोष्ट ही.

इथरनेट झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७३ साली सुरू झालं. बॉब मेटकाफ यांच्या त्या पहिल्या जाळ्याचा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. ऐंशीच्या दशकापर्यंत तो १० मेगाबिटवर गेला. त्या काळी हा वेग भन्नाटच होता. टेलिफोनच्या एका जोडणीला सेकंदाला ५६ किलोबिटच्या वर जाता येत नव्हतं. पण टेलिफोनचं अख्खं जाळं एकत्र धरलं तर त्याची क्षमता सेकंदाला एक टेराबिटच्या घरात मोजली जात होती. इथरनेटचं उलट होतं. सगळे एकाच तारेवर, एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानावर आणि त्या सगळ्यांत मिळून १० मेगाबिट.

डेव्हिड सिनकॉस्की या अमेरिकन अभियंत्यानं १९८१ ते १९८४ या काळात इथरनेटवरून आवाज पाठवायचे प्रयोग केले होते. ते यशस्वी झाले. मग बेलकोअर या कंपनीत आल्यावर त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की शहरभराचे फोन यावर घ्यायचे तर हे जाळं वाढवायचं कसं? अनेक जाळी ब्रिजनं जोडता येतात, पण जोडताना कुठे वर्तुळ तयार झालं तर फ्रेम त्यात गरगर फिरत राहतात. हे टाळणारी स्पॅनिंग ट्रीची रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डेक कंपनीत काढली. ती वर्तुळं तोडून जाळ्याचं एक झाड बनवते. अडचण अशी, की झाड झालं की सगळी वाहतूक त्याच्या एका मुळातून जाते आणि तिथेच कोंडी होते. सिनकॉस्की आणि त्याचा सहकारी चेस कॉटन यांनी विचार केला, की एकाऐवजी अनेक झाडं उभी करू आणि कुठली फ्रेम कुठल्या झाडाची हे फ्रेमवरच लिहून ठेवू. लाल, हिरवं, निळं असे रंग कल्पून ते समजावलं जाई. फ्रेमला लावलेला तो रंग म्हणजे व्हीलॅनचा टॅग.

त्याच सुमारास, १९८६-८७ च्या आसपास, एर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्याच्या प्रकल्पातून मुंबईत एनसीएसटी ही संस्था आणि आयआयटी यांच्यात डायल-अप फोनवरून ईमेलची ये-जा सुरू झाली. त्यासाठी वापरली होती यूयूसीपी, म्हणजे एका युनिक्स यंत्रावरून दुसऱ्या युनिक्स यंत्रावर मजकूर उतरवून घेणारी आज्ञावली. मुंबईत टेलिफोनच्या तारेतून संगणक बोलायला लागले होते आणि तिकडे संगणकाच्या तारेतून टेलिफोन बोलवायची खटपट चालली होती.

आज ऑफिसच्या टेबलावरचा आयपी फोन उलटा करून बघा. मागे दोन सॉकेट दिसतील. एक भिंतीकडे जातं, दुसऱ्यात संगणक लावायचा. संगणकाच्या फ्रेम टॅगशिवाय जातात, फोन स्वतःच्या फ्रेमना टॅग लावतो. कुठला क्रमांक लावायचा हे स्विचच त्याला सांगतो. निकडीच्या तीन बिटांत आठ पायऱ्या असतात, ० ते ७. आवाजाला बहुधा ५ मिळते. कुणी मोठी फाइल उतरवत असलं तरी फोनवरचं ‘हॅलो’ तुटत नाही ते त्यामुळे.

एक ओळ आणि नवं कार्ड

युनिक्सच्या घराण्यात जाळ्याशी जोडणाऱ्या प्रत्येक जागेला इंटरफेस म्हणतात. संगणकाला एक लॅन कार्ड असेल तर एक इंटरफेस. त्याचं जुन्या वळणाचं नाव ईथ०. त्यावर दहा क्रमांकाचा व्हीलॅन हवा असेल तर लिनक्सवर रूट होऊन एक ओळ टाइप करायची. मोठ्यानं वाचली तर ती अशी ऐकू येते: आयपी लिंक ॲड लिंक ईथ० नेम ईथ०.१० टाइप व्हीलॅन आयडी १०. एंटर दाबलं की कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, नवं कार्ड दिसू लागतं. त्याला स्वतःचा आयपी पत्ता देता येतो, स्वतःची फायरवॉल देता येते, त्यावर वेगळा डीएचसीपी चालवता येतो. पेटीत कार्ड मात्र एकच.

या नव्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे लॅनवरची ओळख, मूळ कार्डाचाच असतो. दहा व्हीलॅन बनवा, दहाही इंटरफेसांचा मॅक तोच. लॅनवर दोन यंत्रांचा मॅक सारखा झाला की गोंधळ उडतो, हे पहिल्या सत्रात शिकवतात. इथे तो उडत नाही, कारण चांगला स्विच प्रत्येक व्हीलॅनसाठी पत्त्यांची वेगळी यादी ठेवतो. काही जुने स्विच सगळ्यांची एकच यादी ठेवत. तिथे हाच सारखेपणा डोकेदुखी व्हायचा.

मूळ कार्डाला आयपी पत्ता नसला तरी चालतं, पण ते ‘अप’ असायलाच हवं. ते ‘डाऊन’ केलं की त्याच्यावरचे सगळे व्हीलॅन एकदम बसतात. आणि लूपबॅकवर, म्हणजे संगणक स्वतःशी बोलतो त्या इंटरफेसवर, व्हीलॅन बनवायला कर्नल सरळ नकार देतो.

लिनक्सला हे जमायला लागलं बेन ग्रिअर यांच्या कामामुळे. २००१ च्या अखेरीस ते २.४ मालिकेच्या कर्नलमध्ये आलं. त्या मोड्यूलचं नाव आकड्यांनीच सुरू होतं, ८०२१क्यू. कित्येक वर्षं यंत्र सुरू होताना ते एक सूचना छापत असे: आधी ग्रिअर यांचं नाव, आणि खालच्या ओळीत, यातल्या सगळ्या चुका डेव्हिड मिलर यांनी घातल्यात. मिलर हे त्या काळी लिनक्सच्या नेटवर्क विभागाचे प्रमुख सांभाळकर्ते होते. जगभरातल्या असंख्य सर्व्हरांवर ही थट्टा वर्षानुवर्षं छापली गेली.

नावाला पंधरा अक्षरं

लिनक्सवर इंटरफेसचं नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं. जागा १६ ची, पण शेवटची एक नाव संपल्याची खूण म्हणून जाते. ईथ०.१० असं सुटसुटीत नाव असताना याची आठवणही होत नाही. पण आताची लिनक्स वितरणं यूएसबीच्या लॅन अडॅप्टरला ‘ईएनएक्स’ आणि पुढे त्याचा मॅक पत्ता असं नाव देतात. तीन अधिक बारा, बरोबर पंधरा. आता पुढे टिंब आणि दहा लिहायला जागाच उरत नाही. लॅपटॉपवर सराव करणारी मुलं इथे हमखास अडतात आणि आपलंच काहीतरी चुकलं असं समजतात. उपाय सोपा आहे: व्हीलॅनच्या इंटरफेसला मूळ कार्डाचं नाव लावायलाच हवं असं नाही. ‘लॅब१०’ म्हणा, ‘कॅमेरा’ म्हणा, कर्नलला सगळं चालतं.

जुन्या व्हीकॉन्फिग या आज्ञेत तर नाव पाडायच्या चार ठरावीक रीती होत्या. पाच क्रमांकाचा व्हीलॅन असेल तर व्हीलॅन०००५, व्हीलॅन५, ईथ०.०००५ किंवा ईथ०.५.

भावंडांच्या तऱ्हा

युनिक्सची भावंडं एकाच गोष्टीला वेगवेगळ्या शब्दांत हाक मारतात. फ्रीबीएसडीवर सगळं काम इफकॉन्फिग ही एकच आज्ञा करते. तिचा जन्म १९८३ च्या ४.२ बीएसडीतला, लिनक्सनं तिला बाजूला सारून ‘आयपी’ ही आज्ञा उचलली, पण बीएसडीच्या घरात ती अजून कर्ती आहे. मूळ कार्ड कोणतं हे सांगायला फ्रीबीएसडीत ‘व्हीलॅनडेव्ह’ म्हणतात, नेटबीएसडीत ‘व्हीलॅनइफ’ आणि आताच्या ओपनबीएसडीत ‘पॅरेंट’.

सोलारिसची जुनी रीत मात्र अफलातून. तिथे व्हीलॅनचा क्रमांक हजारानं गुणून त्यात कार्डाचा क्रमांक मिळवायचा आणि तो आकडा नावात घालायचा. बीजीई जातीच्या १ नंबरच्या कार्डावर १२३ क्रमांकाचा व्हीलॅन हवा असेल तर इंटरफेसचं नाव होतं बीजीई१२३००१. गणित न करता नावच लिहिता येत नाही! पुढे डीएलॲडम ही आज्ञा आली आणि साधी नावं ठेवता येऊ लागली.

मॅक संगणकाच्या माहेरीही बीएसडीचं रक्त आहे. तिथे सेटिंगमधूनच व्हर्च्युअल इंटरफेस बनवता येतो. मॅक वापरणाऱ्या फार थोड्यांना हे माहीत असतं.

‘हा शून्य नंबर कुणी बनवला?’

लिनक्सच्या सर्व्हरवर लॉग वाचताना कधी तरी एक ओळ दिसते, की अमुक कार्डाच्या हार्डवेअर फिल्टरमध्ये व्हीलॅन ० जोडत आहे. आपण तर कुठलाच व्हीलॅन बनवलेला नसतो. मग घाबरून शोध सुरू होतो, कुणी घुसलं तर नाही ना? कुणीही घुसलेलं नसतं.

शून्य हा क्रमांक म्हणजे कुठलंच जाळं नाही. फ्रेमवर शून्य लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, ‘मी कुठल्या व्हीलॅनची नाही, माझी फक्त निकड वाचा.’ अशा फ्रेम आल्या तर कार्डानं त्या फेकून देऊ नयेत म्हणून कर्नल आधीच शून्याला परवानगी देऊन ठेवतो.

अशा फ्रेम पाठवतं कोण? इथे आपल्या शहराच्या आसपासचा पट्टा आठवतो. वाळूज आणि शेंद्रा इथे वाहनं आणि त्यांचे सुटे भाग बनतात. वाहन उद्योगातल्या स्वयंचलित यंत्रांसाठी जगभर जे नियमसंच वापरतात, त्यांतला एक प्रोफिनेट. लाइनवरचा नियंत्रक आणि त्याच्या हाताखालचे सेन्सर, मोटारी, यंत्रहात यांचं बोलणं त्यात इथरनेटवरून चालतं. प्रोफिनेटच्या तातडीच्या फ्रेमवर टॅग असतो, पण व्हीलॅनचा क्रमांक शून्य आणि निकड ६. यंत्राला जाळं वेगळं करायचं नसतं, त्याला वेळेत पोचायचं असतं. काही मिलिसेकंदांच्या ठोक्यावर चालणाऱ्या यंत्राची फ्रेम कुणाच्या तरी व्हिडिओमागे रांगेत उभी राहिली तर अख्खी लाइन थांबू शकते. म्हणून सुटे भाग हलवणाऱ्या यंत्राचा आवाज फोनवरच्या माणसाच्या आवाजाच्याही एक पायरी वर ठेवलाय. व्हीलॅनचे १२ बिट रिकामे आणि सगळी किंमत त्या तीन बिटांना, असं हे उदाहरण आहे.

एक टीप कारखान्यात लिनक्स वापरणाऱ्यांसाठी. लिनक्स आपणहून निकडीचे बिट भरत नाही. ते ० च ठेवतं. कुठल्या वाहतुकीला कुठली पायरी द्यायची याची यादी इंटरफेस बनवताना किंवा नंतर आपणच द्यायची असते. व्हीलॅन चालू आहे, टॅग लागतोय, तरी निकडीचा उपयोग होत नाही, अशी तक्रार आली तर आधी इथे बघावं.

पिंग चालतं, फोटो अडकतो

इथरनेटची मोठ्यात मोठी फ्रेम १५१८ बाइटांची. टॅगचे चार मिळवले की १५२२. नियम १९९८ सालीच सैल झाला, पण त्याआधीची काही कार्डं आणि स्विच १५१८ च्या वरची फ्रेम दिसली की मुकाट्यानं टाकून द्यायचे. परिणाम असा, की पिंग सुरळीत चालायचं, लॉगिनही व्हायचं आणि फाइल पाठवली की सगळं ठप्प. छोटं पाकीट आत बसतं, मोठं बसत नाही. व्हीलॅन लावल्यानंतर ‘नेट आहे पण साइट उघडत नाही’ अशी तक्रार आली, की अनुभवी माणूस पहिल्यांदा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, विचारतो ते यासाठी.

घरातला राउटर

व्हीलॅन फक्त कंपन्यांत असतो असं वाटत असेल तर घरातल्या कपाटावरचा राउटर बघा. अनेक घरगुती राउटरांत मागची पाचही सॉकेट आतल्या एकाच स्विच चिपची असतात. इंटरनेटचं एक आणि घरचे चार, ही फाळणी आत व्हीलॅननं केलेली असते. २००२ साली आलेला लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी यासाठी प्रसिद्ध. त्याच्या अनेक आवृत्त्यांत आतलं लिनक्स घराच्या बाजूला ‘व्हीलॅन०’ आणि बाहेरच्या जगाला ‘व्हीलॅन१’ असं नाव द्यायचं. त्याच्यावर लोकांनी इतके प्रयोग केले की त्यातून ओपनडब्ल्यूआरटीसारखी मोठी मुक्त प्रणाली उभी राहिली.

फायबरची जोडणी घेतली असेल तर ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथे संपतं त्या पेटीच्या, सेटिंगमध्ये ‘व्हीलॅन आयडी’ असा रकाना सापडेल. एकाच काचेच्या धाग्यातून इंटरनेट आणि फोन वेगळे येतात ते त्याच्याच जोरावर. नवा राउटर आणला, नाव-पासवर्ड बरोबर टाकले, तरी नेट येत नाही, असं झालं तर पुष्कळदा हा एकच आकडा भरायचा राहिलेला असतो.

एका कार्डाचा राउटर

राउटरला किमान दोन कार्डं लागतात असं पुस्तकात असतं. लिनक्सवर एका कार्डावर व्हीलॅन १० आणि २० बनवा, आयपी फॉरवर्डिंग चालू करा, झाला राउटर. फ्रेम दहाची चिठ्ठी लावून आत येते आणि वीसची लावून त्याच केबलमधून परत जाते. जुन्या संगणकाचं याहून चांगलं सार्थक मला माहीत नाही. पण इथे एक काळजी घ्यायची. फॉरवर्डिंग चालू केलं की आतापर्यंत एकमेकांना न दिसणारी जाळी या यंत्रातून एकमेकांना भेटतात. कॅमेऱ्यांचं जाळं हिशोबाच्या जाळ्यात उतरू नये यासाठी एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलचे नियम आधी लिहावेत, फॉरवर्डिंग नंतर.

टॅग गेला कुठे?

तारेवरची वाहतूक पकडून दाखवणारी टीसीपीडम्प ही आज्ञा लावून फ्रेम बघायला बसलं तर टॅग दिसतच नाही, असा अनुभव अनेकांना येतो. एक म्हणजे तळाच्या थराची माहिती मागायची खूण दिली नाही तर ते टॅग छापत नाही. दुसरं, गाळणीत ‘व्हीलॅन’ हा शब्द लिहिला की त्याच्यापुढच्या सगळ्या अटी चार बाइट पुढे सरकून वाचल्या जातात. म्हणून त्या शब्दाची जागा बदलली की उत्तर बदलतं. आणि तिसरं, आताची बरीच कार्डं टॅग स्वतःच काढून कर्नलला वेगळा हातात देतात, प्रोसेसरचं काम वाचावं म्हणून. तुम्ही फ्रेम बघता तेव्हा तारेवर जे गेलं ते तुम्हाला जसंच्या तसं दिसत नसतं.

हे कुलूप नाही

टॅग उघडा असतो. तारेपर्यंत पोचलेला कुणीही तो वाचू शकतो, हवा तो आकडा लिहू शकतो. म्हणून संगणकाच्या पोर्टवर स्विचनं टॅग लावलेल्या फ्रेम घेऊच नयेत, ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन टॅगसकट नेणारी जोडणी, फक्त स्विचांमध्ये किंवा स्विच आणि सर्व्हर यांच्यातच असावी.

दोन टॅगांची एक जुनी चलाखी आहे. ट्रंकवर एक व्हीलॅन टॅगशिवाय जातो, त्याला नेटिव्ह म्हणतात आणि न बदलल्यास तो १ असतो. हल्लेखोर त्याच व्हीलॅनमध्ये बसलेला असेल तर तो फ्रेमवर दोन टॅग लावतो: बाहेर १, आत २०. पहिला स्विच बाहेरचा काढून टाकतो, दुसरा आतला वाचतो आणि फ्रेम वीसमध्ये सोडतो. उत्तर परत येत नाही, पण नुकसान करायला एकतर्फी वाटही पुरते. व्हीलॅन १ रिकामा ठेवावा आणि नेटिव्हला कुणीच वापरत नाही असा क्रमांक द्यावा, हा सल्ला इथून आला.

४०९४ पुरेनात तेव्हा

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना ४०९४ ग्राहकांवर थांबून चालत नाही. मग टॅगावर टॅग लावायची सोय झाली, ८०२.१एडी, २००५ साली. दोन टॅग म्हणजे ४०९४ गुणिले ४०९४, एक कोटी ६७ लाख ६० हजार ८३६ जोड्या. पुढे क्लाउडवाल्यांनी व्हीएक्सलॅन आणलं. २०१४ च्या आरएफसी ७३४८ मध्ये त्याची मांडणी आहे. क्रमांक २४ बिटांचा आणि अख्खी इथरनेट फ्रेम यूडीपीच्या पाकिटात घालून कुठल्याही शहरात पाठवायची. लिनक्सवर तेही एका ओळीत बनतं.

स्विच नको, नुसता लॅपटॉप पुरे

शहरात १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, एमजीएमचं जेएनईसी आहे, विद्यापीठाच्या परिसरात नायलिटचं केंद्र आहे आणि एमएस-सीआयटी शिकवणाऱ्या छोट्या लॅब तर गल्लोगल्ली. नेटवर्किंग शिकायचंय पण महागडे स्विच कुठून आणायचे, हा प्रश्न मला जागोजागी ऐकू येतो. व्हीलॅन शिकायला स्विच लागत नाही, हे मला मनापासून सांगायचंय.

लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस नावाची सोय आहे. एकाच लॅपटॉपच्या पोटात दोन स्वतंत्र नेटवर्क उभी राहतात, प्रत्येकाची कार्डं वेगळी, पत्ते वेगळे. त्यांच्यामध्ये व्हीईथची जोडी लावायची. ती दोन टोकांच्या केबलसारखी वागते, फक्त हाताला लागत नाही. आणखी पुढे जायचं असेल तर लिनक्सचा ब्रिज आहे. २०१३ च्या ३.९ कर्नलपासून तो व्हीलॅन ओळखतो, म्हणजे ट्रंक आणि ॲक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनची, टॅगशिवायची) यांच्यासकट सगळा स्विच स्क्रीनवरच उभा राहतो.

एक गोष्ट आधी माहीत असावी: आज्ञा टाइप करून बनवलेलं सगळं यंत्र बंद केलं की पुसलं जातं. सराव करणाऱ्याला ते बरंच. कितीही घोळ झाला तरी एक रीस्टार्ट आणि पाटी कोरी. कायमचं हवं असेल तर उबंटूत नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहावं, डेबियनमध्ये इंटरफेसेसच्या फाइलमध्ये. फ्रीबीएसडीत आरसी डॉट कॉन्फमध्ये लिहावं आणि ओपनबीएसडीत तर होस्टनेम डॉट व्हीलॅन१० नावाची छोटीशी फाइल म्हणजेच सगळं काम.

तर दोन नेमस्पेस करा, मध्ये व्हीईथची जोडी टाका. दोन्ही टोकांवर व्हीलॅन १० चा इंटरफेस बनवा. एकाला १०.०.१०.१ द्या, दुसऱ्याला १०.०.१०.२, व्हीईथची दोन्ही टोकं आणि त्यांवरचे दोन्ही इंटरफेस अप करा आणि पिंग लावा. उत्तरं यायला लागतील. आता एका टोकाचा इंटरफेस काढून टाका आणि तोच आयपी पत्ता देऊन व्हीलॅन २० चा बनवा. केबल तीच, पत्ते तेच, लॅपटॉप तोच, पिंग थांबतं. पुन्हा १० चा बनवा, सुरू होतं.